मेल येतो, पण जाईना: ऑफिसच्या फायरवॉलमुळे अडणारं एसएमटीपी लॉगिन

"मेल येतोय, पण जाईना. पासवर्ड दोनदा बदलून झाला." सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, टॉवेल-चादरीचं युनिट असो, सीएचं ऑफिस असो की हॉस्पिटलचं बिलिंग, तक्रार याच शब्दांत येते. बहुतेक वेळा पासवर्डचा काही दोष नसतो. खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर आधी फायरवॉलकडे, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणाऱ्या यंत्राकडे, बघा.

लक्षणं

- नवे मेल व्यवस्थित येतात, पाठवलेले मात्र आउटबॉक्समध्ये पडून राहतात.
- आउटलुक पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उघडतं. बरोबर पासवर्ड टाकला तरी खिडकी परत हजर.
- एररमध्ये '५३० मस्ट इश्यू अ स्टार्टटीएलएस कमांड फर्स्ट' अशा अर्थाची ओळ दिसते.
- आउटलुकच्या एरर कोडच्या शेवटी 'सीसीसी८०' येतं, किंवा थंडरबर्ड (आउटलुकसारखाच मेलचा प्रोग्राम) म्हणतं की निवडलेली ऑथेंटिकेशन, म्हणजे लॉगिनची, पद्धत सर्व्हरला चालत नाही.
- त्याच खात्यातून मोबाइल डेटावर मेल जातो, ऑफिसच्या वायफायवर जात नाही.
- टॅलीतून जाणारी बिलं आणि स्कॅनरवरून जाणारे कागद एकाच दिवशी थांबले. त्याच सुमाराला फायरवॉल नवा आला, अपडेट झाला किंवा इंटरनेटची लाइन बदलली.

मेल येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा असतो. येणारे मेल आयमॅप या पद्धतीच्या ९९३ किंवा पॉपच्या ९९५ पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारातून, येतात. जाणारे मेल एसएमटीपी या पाठवायच्या पद्धतीच्या ५८७ किंवा ४६५ वरून जातात. मेलमधून पसरणारे स्पॅम आणि व्हायरस एसएमटीपीवरून बाहेर पडतात, म्हणून फायरवॉलचा सगळा डोळा तिथं असतो. एक रस्ता चालू आणि दुसरा बंद, यात नवल काही नाही.

५८७ वर नेमकं काय घडतं ते समजून घेतलं की पुढच्या तपासण्या सोप्या जातात. तुमचा प्रोग्राम सर्व्हरला नमस्कार करतो. सर्व्हर आपल्या सोयींची यादी देतो आणि त्यात 'स्टार्टटीएलएस' ही ओळ असते, म्हणजे 'आधी एनक्रिप्शन सुरू करा', बोलणं कुलूपबंद करा. ते सुरू झाल्यावर सर्व्हर दुसरी यादी देतो आणि लॉगिनची सोय, म्हणजे 'ऑथ', बहुतेक ठिकाणी त्या दुसऱ्या यादीतच असते. मधल्या फायरवॉलनं पहिल्या यादीतून स्टार्टटीएलएस गाळलं, तर प्रोग्रामला लॉगिनचं दार दिसतच नाही. पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो, मग तो बदलून काय होणार?

'५३५'नं सुरू होणारी एरर वेगळी. तिथं पासवर्ड पोचलाय आणि सर्व्हरनं तो नाकारलाय.

१. मोबाइलचा हॉटस्पॉट

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि निम्मा निकाल इथंच लागतो. ज्या कॉम्प्युटरवर अडचण आहे तोच हॉटस्पॉटला जोडा. लॅनची केबल आधी काढा, कारण केबल लागलेली असेल तर विंडोज बहुधा तिलाच प्राधान्य देतं आणि तुमची चाचणी फसवी ठरते. फोनच्या मेल ॲपमधून पाठवून बघणं ही चाचणी नव्हे. त्या ॲपची सेटिंग वेगळी असते.

हॉटस्पॉटवरही मेल गेला नाही तर ऑफिसचा फायरवॉल बहुधा निर्दोष आहे. मग खालचा दुसरा मुद्दा आणि तिसऱ्यातली तारीख व अँटिव्हायरस बघा. जीमेल असेल तर ॲप पासवर्ड तपासा. ३० मे २०२२ पासून गुगलनं वैयक्तिक खात्यांसाठी साध्या पासवर्डनं चालणारी जुनी सोय काढून टाकायला सुरुवात केली. आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, नाहीतर गुगलच्या लॉगिन पानातून जावं लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये प्रत्येक मेलबॉक्सला 'ऑथेंटिकेटेड एसएमटीपी' वेगळं चालू-बंद करता येतं. ते बंद आहे का ते ॲडमिनला विचारा.

हॉटस्पॉटवर मेल गेला, ऑफिसच्या लाइनवर गेला नाही, तर पुढं चला.

२. पोर्ट आणि एनक्रिप्शनची जोडी

५८७ बरोबर स्टार्टटीएलएस, ४६५ बरोबर एसएसएल/टीएलएस. ही जोडी उलटी लागली की कनेक्शन लटकतं किंवा लगेच तुटतं. सेटिंगमध्ये २५ दिसला तर तो बदला. २५ हा सर्व्हर-सर्व्हरमधल्या व्यवहाराचा पोर्ट आहे. बरेच इंटरनेट पुरवठादार आणि फायरवॉल तो ग्राहकांसाठी बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. जुन्या आउटलुकमध्ये 'माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन' या चौकटीत खूण आहे का तेही बघून घ्या.

५८७ वर अडत असेल तर ४६५ करून बघा. ४६५ वर पहिल्या क्षणापासून सगळं एनक्रिप्टेड असतं, त्यामुळे मधल्या यंत्राला गाळायला कुठली ओळच दिसत नाही. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातही याच पद्धतीची शिफारस आहे. निम्म्या छोट्या ऑफिसांचं काम इथंच भागतं, आणि भागलं तर मी फायरवॉलला हात लावत नाही.

एक गोष्ट मात्र करायची नाही: 'चालतंय' म्हणून एनक्रिप्शन 'नन', म्हणजे बंद, करायचं नाही. तसं केलं की पासवर्ड उघडा प्रवास करतो. निर्यातीच्या धंद्यात तर परदेशी खरेदीदाराला दुसऱ्याच बँक खात्याचा नंबर कळवणारे बनावट मेल बऱ्याचदा मेलबॉक्स चोरीतून सुरू होतात.

३. तारीख, अँटिव्हायरस, फायरवॉलचं लॉगिन पान

कॉम्प्युटरची तारीख चुकली असेल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, मुदतीबाहेरचं दिसतं आणि लॉगिनआधीच बोलणं तुटतं. जुन्या मशीनवर लाइट गेल्यावर तारीख मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. ४०-५० रुपयांचं काम.

अँटिव्हायरसमधलं 'ईमेल प्रोटेक्शन' किंवा 'मेल शील्ड' हेही त्या कॉम्प्युटरपुरतं फायरवॉलसारखंच मध्ये बसतं. तेवढा भाग दहा मिनिटं बंद करून मेल पाठवा. मेल गेला तर त्यातली फक्त जाणाऱ्या मेलची किंवा एसएसएलची तपासणी बंद ठेवा. पूर्ण अँटिव्हायरस काढून टाकायची गरज नाही. एकाच कॉम्प्युटरवर अडचण असेल तर हीच शक्यता मोठी; सगळ्या ऑफिसात असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

तिसरा प्रकार आपल्याकडं फार दिसतो. सायबरोम किंवा सोफॉस कंपनीचा फायरवॉल बसवलेल्या ऑफिसात सकाळी ब्राउझरमध्ये नाव-पासवर्ड टाकल्याशिवाय इंटरनेट सुरू होत नाही. माणूस ते पान भरतो, स्कॅनर आणि टॅलीचा सर्व्हर कसा भरणार? दोघांकडून 'ऑथेंटिकेशन फेल्ड' येतं आणि लोक मेलचा पासवर्ड बदलत बसतात. अशा यंत्रांना स्थिर आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता, द्या आणि फायरवॉलमध्ये 'क्लायंटलेस यूझर' (लॉगिन पानाशिवाय चालणारा) म्हणून नोंदवा.

४. पोर्ट उघडा आहे का

पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड सर्व्हरचं नाव आणि पोर्ट देऊन चालवा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर पोर्ट उघडा. 'फॉल्स' आलं तर कोणीतरी दार बंद केलंय, आणि ते नेहमीच तुमच्या बाजूचं असतं असं नाही.

दोन्ही पोर्ट 'फॉल्स', वेबमेल उघडत नाही, त्याच सर्व्हरवरची तुमची वेबसाइटही ऑफिसातून उघडत नाही, पण मोबाइल डेटावर सगळं ठीक, असं चित्र असेल तर तुमचा फायरवॉल सोडा. होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरच्या फायरवॉलनं तुमच्या ऑफिसचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा पत्ता, अडवलाय. सीपॅनल या होस्टिंग सांभाळायच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या सर्व्हरवर बहुधा चुकीचे लॉगिन मोजणारं संरक्षण असतं. थोड्याच चुकीच्या प्रयत्नांनंतर ते अख्खा आयपी बंद करतं, आणि ऑफिसातले सगळे त्या एकाच आयपीमागे असतात. एखाद्याच्या फोनमध्ये जुना पासवर्ड राहतो, फोन दर काही मिनिटांनी प्रयत्न करत राहतो आणि शिक्षा सगळ्यांना होते. होस्टिंगच्या सपोर्टला पब्लिक आयपी कळवून तो मोकळा करून घ्या. त्याच वेळी कोणत्या मेलबॉक्ससाठी चुकीचे प्रयत्न झाले तेही विचारा आणि तो फोन आधी दुरुस्त करा. नाहीतर संध्याकाळपर्यंत आयपी पुन्हा बंद. पासवर्ड बदलल्यावर ही अडचण उलट वाढते, कारण जुना पासवर्ड असलेली यंत्रं वाढतात.

पोर्ट बंद असण्याची आणखी तीन कारणं:

फायरवॉलमध्ये तयार मिळणारी 'एसएमटीपी' नावाची सर्व्हिस बहुधा फक्त २५ पोर्टची असते. नियम लिहिणारा ती निवडतो, त्याला वाटतं मेलची सोय झाली, आणि ५८७ बाहेरच राहतो.

देशानुसार अडवण्याचा नियम. होस्टिंग पुण्याच्या माणसाकडून घेतलं तरी सर्व्हर जर्मनीत किंवा अमेरिकेत असू शकतो. 'भारताबाहेर बंद' असा नियम लावला की मेलही गेला.

नावाऐवजी आयपी लिहिलेला नियम. जीमेलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचा आज दिसणारा एक आयपी कोणीतरी नियमात घालतो. त्या नावामागे अनेक आयपी असतात आणि ते बदलतात. मग मेल सकाळी जातो, दुपारी जात नाही, रात्री परत जातो. अशी लहरी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो. नियमात सर्व्हरचं पूर्ण नाव द्या.

५. सर्व्हरची यादी डोळ्यांनी वाचा

पोर्ट उघडा आहे, तरी लॉगिन होत नाही. आता मधलं यंत्र काय गाळतंय ते बघायचं. विंडोजमध्ये टेलनेट आधीपासून बंद असतं; 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन 'टेलनेट क्लायंट' चालू करा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये टेलनेट, सर्व्हरचं नाव आणि ५८७ असं लिहून एंटर मारा. '२२०'नं सुरू होणारी ओळ आली की 'ईएचएलओ' (हाच तो नमस्कार) आणि पुढं जागा सोडून कोणतंही एक नाव लिहा. '२५०'नं सुरू होणाऱ्या ओळींची यादी येईल. ही चाचणी ५८७ वरच करा. ४६५ वर टेलनेट केलं तर काळी स्क्रीन नुसती उभी राहते. तो बिघाड नाही, तिथं साधं बोलणं नसतंच.

एकदा ऑफिसच्या लाइनवर आणि एकदा हॉटस्पॉटवर यादी काढा, दोन्हींचे फोटो शेजारी ठेवा.

हॉटस्पॉटच्या यादीत स्टार्टटीएलएस आहे आणि ऑफिसच्या यादीत नाही, तर पुरावा हातात आला. २२० च्या ओळीत सर्व्हरच्या नावाऐवजी चांदण्या दिसल्या, किंवा स्टार्टटीएलएसच्या जागी सात एक्स आणि शेवटी एक ए अशी आठ अक्षरं दिसली, तर ते सिस्को एएसए या फायरवॉलमधल्या ईएसएमटीपी तपासणीचं काम. स्टार्टटीएलएस हा शब्दही आठ अक्षरांचाच. लांबी तीच ठेवून ती तपासणी शब्द पुसते. सिस्कोच्याच जुन्या पिक्स फायरवॉलमध्ये हीच सोय 'फिक्सअप' नावानं होती. ही तपासणी मूळ मांडणीत २५ पोर्टवर लागते, त्यामुळे स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या ऑफिसांना हिचा जास्त त्रास होतो. २२० च्या ओळीत तुमच्याच फायरवॉलचं नाव दिसलं तर तो प्रॉक्सी बनून मेल स्वतःकडं घेतोय आणि तुम्ही खऱ्या सर्व्हरशी बोलतच नाही.

६. सर्टिफिकेट कोणाचं

यादी बरोबर आहे, तरी सर्टिफिकेटची सूचना येते. ती 'येस' दाबून घालवू नका, उघडून वाचा. 'इश्यूड बाय' या ओळीत फोर्टिनेट, सोफॉस किंवा तुमच्या फायरवॉलचं दुसरं कुठलं नाव असेल तर डीप इन्स्पेक्शन चालू आहे. म्हणजे फायरवॉल एनक्रिप्शन उघडतो, आत बघतो आणि स्वतःच्या सर्टिफिकेटनं परत बंद करतो. कॉम्प्युटरचा त्या सर्टिफिकेटवर विश्वास नसतो, म्हणून प्रोग्राम पासवर्ड द्यायच्या आधीच मागं फिरतो. अशा ठिकाणी ४६५ केल्यानंही काही होत नाही.

'इश्यूड बाय' ठीक आहे, पण 'इश्यूड टू'मधलं नाव तुमच्या सर्व्हरशी जुळत नाही, असं असेल तर तो शेअर्ड होस्टिंगचा, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांची डोमेनं असण्याचा, नेहमीचा प्रकार आहे. सेटिंगमध्ये तुमच्या डोमेनच्या जागी होस्टिंगनं दिलेलं सर्व्हरचं नाव टाका.

७. फायरवॉलमधला नियम

इथून पुढं ॲडमिन पासवर्ड लागतो. पहिलं काम बॅकअप: सध्याच्या कॉन्फिगरेशनची फाइल उतरवून कॉम्प्युटरवर ठेवा. ती उतरवता येत नसेल तर पुढं जाऊ नका.

आधी लॉग बघा. तुमच्या कॉम्प्युटरचा आयपी आणि ५८७ पोर्ट असा फिल्टर लावून एक मेल पाठवा. कोणत्या क्रमांकाच्या नियमानं अडवलं ते लॉगच सांगतो. लॉग न बघता एकेक गोष्ट बंद करत सुटलात तर शेवटी मेल जातो, पण कशामुळे गेला ते कळत नाही आणि तीन दारं उघडी राहतात.

मग नवा नियम लिहा. कुठून: ऑफिसचं आतलं नेटवर्क. कुठं: मेल सर्व्हरचं पूर्ण नाव. सर्व्हिस: टीसीपी ५८७ आणि ४६५. एसएमटीपी स्कॅन, ईमेल फिल्टर आणि एसएसएल डिक्रिप्शन या नियमापुरतं बंद. लॉग चालू. नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून हा नियम सर्वसाधारण नियमाच्या वर सरकवा. खाली ठेवलेला नियम असून नसल्यासारखा. सोफॉसमध्ये एमटीए मोड (फायरवॉल स्वतःच मेल घेऊन पुढं पाठवतो तो प्रकार) चालू असेल तर त्यानं स्वतः तयार केलेला एक नियम यादीत असतो, त्याच्याही वर घ्या. बदल झाल्यावर आउटलुक पूर्ण बंद करून उघडा, कारण आधीची कनेक्शनं जुन्याच नियमावर चालू राहतात.

फायरवॉलचं सर्टिफिकेट प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवणं हाही मार्ग आहे. मला तो छोट्या ऑफिससाठी पटत नाही. कॉम्प्युटरवर बसतं, पण स्कॅनरवर, टॅलीच्या सर्व्हरवर आणि पाहुण्याच्या फोनवर कोण बसवणार? मोजक्या मेल सर्व्हरना सूट द्या आणि व्हायरस तपासायचं काम कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसवर सोडा. २५ पोर्ट मात्र, स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर तो सोडून, सगळ्यांसाठी बंदच राहू द्या. एखादं मशीन बाधित झालं तर ते २५ वरून स्पॅम उधळतं आणि तुमचा पब्लिक आयपी काळ्या यादीत जातो.

८. दोन लाइन असतील तर

फायबर बंद पडली की दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर आपोआप जाणारी सोय आता बऱ्याच युनिटमध्ये आहे. लाइन बदलली की पब्लिक आयपी बदलतो. स्कॅनर किंवा ईआरपी (धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारा प्रोग्राम) पासवर्डशिवाय, फक्त आयपी ओळखून मेल पुढं पाठवणाऱ्या गुगल वर्कस्पेसच्या रिलेवरून मेल पाठवत असेल, तर दुसऱ्या लाइनवर '५५० इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स फॉर रिले' असं येतं. शब्द पासवर्डचे वाटतात, दोष आयपीचा असतो. ॲडमिन पॅनलमध्ये दोन्ही लाइनचे स्थिर आयपी नोंदवा.

स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर एसपीएफच्या नोंदीतही, म्हणजे तुमच्या डोमेनचे मेल कुठून निघू शकतात त्या यादीतही, दोन्ही आयपी हवेत. आणि फायरवॉल प्रत्येक मेलखाली 'व्हायरस तपासला' अशी ओळ चिकटवत असेल तर ती बंद करा. सर्व्हरनं डीकेआयएमची, म्हणजे मेल खरा असल्याची डिजिटल, सही केल्यानंतर मजकुरात अक्षर जरी वाढलं तरी सही मोडते आणि समोरचा सर्व्हर मेल नाकारतो किंवा स्पॅममध्ये टाकतो. ओळखायला सोपं: ही 'ऑथेंटिकेशन फेल'ची तक्रार तुमच्या आउटबॉक्समध्ये येत नाही, परत आलेल्या मेलमध्ये येते.

९. पाकिटाचा आकार

पोर्ट उघडा, यादी बरोबर, पण पुढं सगळं गोठतं. किंवा दोन ओळींचा मेल जातो आणि पॅकिंग लिस्ट जोडली की अडतो. नेटवर्कवर डेटा तुकड्यांनी, पाकिटांतून जातो. पीपीपीओई (फायरवॉल किंवा राउटर नाव-पासवर्ड देऊन जोडतो त्या) लाइनवर पाकिटाची मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. 'पाकीट मोठं आहे' असं सांगणारा आयसीएमपीचा निरोप फायरवॉलनं अडवला, तर मोठी पाकिटं मुकाट्यानं हरवतात. सर्टिफिकेटची पाकिटं मोठीच असतात, म्हणून लॉगिनआधी थांबतं. विंडोजच्या पिंगमध्ये वजा एफ, वजा एल आणि १४६४ देऊन बाहेरच्या सर्व्हरला पाठवा. त्यात पाकिटावरच्या पत्त्याचे, म्हणजे हेडरचे, २८ मिळवले की १४९२. १४६४ जात नसेल आणि १४०० जात असेल तर मर्यादा कुठंतरी चुकलीय. फायरवॉलच्या डब्ल्यूएएन इंटरफेसवर, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या जोडणीवर, एमटीयू (पाकिटाची मर्यादा) १४९२ आणि एमएसएस (त्यातल्या डेटाची मर्यादा) १४५२ ठेवतात.

कुठं थांबायचं

फायरवॉलचा ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडं नसेल तर रीसेटचं बटण दाबू नका. मेलबरोबर व्हीपीएन, कॅमेरे आणि शाखांची जोडणीही जाते. सिस्को एएसए, दोन फायरवॉलची जोडी, हॉस्पिटलचं किंवा पतसंस्थेचं नेटवर्क आणि स्वतःचा मेल सर्व्हर यांत सातव्या पायरीपासून पुढं जाणकारालाच बोलवा. नियम वर घेऊनही लॉगमध्ये अडवणूक दिसत राहिली तरीही तेच करा.

लॉग बघताना एखादा कॉम्प्युटर २५ पोर्टवर अनोळखी सर्व्हरना सतत धडका देताना दिसला तर मेलची दुरुस्ती बाजूला ठेवा. त्या मशीनची लॅन केबल काढा, वायफाय बंद करा, मशीन फॉरमॅट करू नका आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. त्या मशीनवरचे मेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.

बोलावलेल्या माणसाला इतकं द्या: सर्व्हरचं नाव आणि पोर्ट, एररचा पूर्ण फोटो, मेल अडल्याची वेळ मिनिटापर्यंत, ऑफिसचा पब्लिक आयपी, हॉटस्पॉटचा निकाल, पाचव्या तपासणीतले दोन फोटो आणि त्या आठवड्यात काय बदललं ते. मेलचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्याला लागला तर तुम्ही स्वतः टाइप करा.